गाडी बंद नव्हती

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. देवापुढं उभा राहिलो तरी त्याच्याशी दुसरंच काहीतरी बोलत आलो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्या वस्तीवरचे नाही — उद्या रस्त्यात भेटलात तर ओळखणारही नाही. हासुद्धा भित्रेपणाच म्हणा. तो माझ्यात किती मुरलाय ते पुढं कळेलच.

पण आधी गाडीबद्दल बोलू द्या. गाडीबद्दल बोलायला मला सोपं जातं.

कळंबच्या पुढं, कालव्याच्या भरावाला लागून आमची वस्ती. आजोबांचं आयुष्य मेंढरांमागं गेलं, वडिलांनी कालव्याच्या पाण्यावर ऊस केला, मी शिकून कारखान्याच्या शेतकी खात्यात कारकून झालो. आणि नव्वद साल उलटल्यावर पुण्यातल्या एका डॉक्टरची वापरलेली पांढरी गाडी घेऊन आलो. वस्तीवरची पहिली चारचाकी. आईनं चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला, आणि मी गाडी कालव्यापर्यंत नेऊन परत आणली तर पोरं मागून पळत होती. त्या दिवशी माझी छाती किती फुगली होती हे आज लिहितानाही लाज वाटते.

तुमच्याकडं गाडी असेल तर पुढचं तुम्हाला ठाऊक असणारच. गाडी तुमच्या दारात असते, पण ती तुमची नसते. आज कुणाच्या पोरीला बघायला जायचंय, उद्या कुणाचा मेहुणा एसटी स्टँडवर उतरणाराय. चिखलाचे पाय तसेच आत. दार असं आपटायचं की जणू गोठ्याचं फाटक. पुढच्या सीटवर बसणारा प्रत्येकजण मला गाडी कशी चालवायची ते सांगणार — आणि त्यातल्या कुणाला सायकलसुद्धा धड येत नसणार! बारामतीच्या रस्त्याला तेव्हा उसाच्या बैलगाड्या, मागं दिवा नाही की लाल कापड नाही, मी जीव मुठीत धरून चालवायचो आणि मागून आवाज यायचा, "अण्णा, जरा दामटा की." असून अडचण, नसून खोळंबा. फक्त अडचण माझी आणि खोळंबा त्यांचा, एवढाच फरक.

नाही म्हणता येत नव्हतं का? — येत होतं की. पण मला चांगलंही राहायचं होतं. अण्णा म्हणजे देवमाणूस, कधी कुणाला नाही म्हणत नाहीत, हे ऐकायची चटक लागली होती. गाडी द्यायची नाही आणि नावही खराब होऊ द्यायचं नाही. अशा माणसाला काहीतरी तिसरं शोधावं लागतं.

ते मला बारामतीच्या एका मिस्त्रीकडं सापडलं. त्यानं चोरी टाळायची युक्ती म्हणून दाखवलं होतं. बॉनेट उघडलं की इंजिनाच्या बाजूला एक काळं टोपण असतं, दोन क्लिपांनी बसवलेलं, त्यातून प्लगच्या वायरी निघतात. क्लिपा काढल्या की आत अंगठ्याएवढा एक तुकडा. त्याला रोटर म्हणतात. तो नुसता वर उचलायचा आणि टोपण पुन्हा बसवायचं. मग किल्ली फिरवली की सेल फिरतो, गाडी खुरखुरते, थरथरते, आता लागेल आता लागेल असं वाटतं — आणि लागत नाही. आत ठिणगीच जात नाही ना. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, बिचारी किती प्रयत्न करतेय.

पहिल्यांदा केलं ते एका वरातीसाठी. नवरदेव मिरवायला गाडी हवी होती. ते लोक बांधावरून येताना दिसले, मी पटकन रोटर काढून खिशात घातला आणि त्यांच्यासमोर बराच वेळ किल्ली फिरवून दाखवली. त्यांनीच माझी समजूत घातली. "राहू द्या अण्णा, गाडी म्हनल्यावर व्हायचंच." ते गेल्यावर मी घरात जाऊन एकटाच हसलो. हो, हसलो. त्यानंतर ही माझी सवयच झाली. वस्तीवर बोलबाला झाला की अण्णांची गाडी मोठी लहरी, मनात आलं तर पळते नाहीतर रुसून बसते. बायका तर तिला नवी सून म्हणायच्या. मीही त्यांच्या हसण्यात हसायचो.

आता संपतबद्दल.

आमच्या बांधाला लागून त्यांचं रान. माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान. अंगानं काटक, बोलणं कमी. त्याचे वडील तात्या, बायको शोभा, पाळण्यातला मुलगा. संपतनं गाडी कधी मागितली नाही, असं लिहिलं तर गोष्ट छान होईल, पण ते खरं नाही. त्यानंही मागितली होती — शोभाला बाळंतपणाहून आणायला — आणि मी दिली होती. त्यानं परत करताना ती कालव्यावर धुऊन आणली. एवढंच. तो काही माझा जिवलग नव्हता, शेजारी होता.

थंडी सरत आली होती, कारखाना जोरात होता. वस्तीवरचे दोन्ही ट्रॅक्टर उसाच्या ट्रॉल्या घेऊन कारखान्यावर नंबरला लागलेले. बाजारचा दिवस, त्यामुळं मोटारसायकलीही बारामतीला. बायको माहेरी. मी दुपारी सुट्टी टाकून घरी, अंगणात गाडी पुसत होतो. बघतो तर वामन बांधावरून सायकल हाणत येतोय. वामन ट्रॅक्टरचा ड्रायव्हर, त्या दिवशी बदली देऊन घरी थांबलेला. त्याच्या मेहुणीचं लग्न होतं आणि आठवडाभर तो गाडीसाठी माझ्या मागं लागला होता. मी मनात म्हटलं, आला बघा. बॉनेट उघडंच होतं. क्लिपा काढल्या, रोटर उचलला, टोपण बसवलं, रोटर पँटीच्या खिशात.

वामननं सायकल तिथंच टाकली. "अण्णा, गाडी काढा. संपतला पान लागलंय."

आमच्याकडं साप चावला असं म्हणत नाहीत, नाव घेतलं की तो परत येतो म्हणतात. पान लागलं म्हणतात. मला हे काय नवीन होतं? ऐकलं त्या क्षणी कळलं. पण त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत माझं वाक्य तोंडातून निघून गेलं होतं — सवयीनं, आपोआप, दाराला कडी लागावी तसं.

"अरे, गाडी बंद हाय."

एवढं झालं. इथपर्यंतचं मी स्वतःला माफ करू शकलो असतो असं कधीकधी वाटतं. घाईत झालेलं, नकळत झालेलं. पण त्यानंतर वेळ होता. खूप वेळ होता, आणि मी काय सांगायला बसलोय ते त्या वेळेतच घडलंय.

तेवढ्यात लोक संपतला बाजेवर घालून घेऊनच आले. उसाच्या वाळक्या पाचटात हात घातला होता त्यानं, मनगटाच्या वर चावा. वर फडकं आवळलेलं. तो शुद्धीत होता, बोलत होता. त्याला मागच्या सीटवर बसवलं, शेजारी तात्या. शोभा दाराला धरून उभी. मी किल्ली फिरवली. सेल फिरला. गाडी खुरखुरली, थरथरली. का लागली नाही ते तुम्हाला माहीत आहे.

"ढकला रं!" कुणीतरी म्हणालं. आणि सगळ्यांनी ढकलली. बायका, म्हातारे, जो हाताशी होता तो. अंगणातून रस्त्यावर, रस्त्यावरून भरावाच्या चढाला. मी स्टीअरिंगवर. क्लच दाबला की खिशातला रोटर मांडीत रुतायचा. क्लच सोडला की गाडी गचका खाऊन थांबायची. मागून आवाज यायचा, "अजून एकदा!" पुन्हा सगळे खांदे लावायचे. आरशात संपत दिसत होता. त्याच्या पापण्या जड व्हायला लागल्या होत्या, झोप आल्यासारख्या. तो मलाच धीर देत होता. "लागंल अण्णा. लागंल ती."

मी काय करायला हवं होतं? खाली उतरायचं, बॉनेट उघडायचं, खिशात हात घालायचा. मिनिटाचं काम. पण चारी बाजूंनी माणसं. खिशातून रोटर निघालेला सगळ्यांना दिसला असता. वरातीचं, मेहुण्याचं, आजवरच्या सगळ्याचं एका क्षणात कळलं असतं. अण्णा देवमाणूस! — मी त्या नावाला घाबरलो. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, मी ती झाकूनच ठेवली. आज मला शंभर वाटा सुचतात. रोटर मुठीत लपवून टोपणाखाली बसवता आला असता. खाली पाडून, अरे हा बघा इथं पडलाय, म्हणता आलं असतं. वर्षभर इतकं सफाईनं खोटं बोललेला मी, आणि त्या दिवशी जीव वाचवणारं एक साधं खोटं मला सुचू नये?

पण थांबा. अजून सांगितलं नाही. हे सांगायचं टाळायला मी इतका वेळ लोकांच्या चिखलाच्या पायांबद्दल बोलत होतो.

वामनला इंजिनातलं कळायचं. चढावर गाडी पुन्हा थांबली तेव्हा तो पुढं आला, बॉनेट उघडलं, एक वायर ओढून पाहिली. "अण्णा, करंट येत न्हाय वो." आणि त्यानं काळ्या टोपणाच्या क्लिपेला हात घातला. एक क्लिप निघालीसुद्धा. मी पळत गेलो. त्याचं मनगट धरलं.

"ते उघडू नको. हाय ती बी बिघडंल."

वामननं माझ्याकडं पाहिलं. मालक गाडीचा, नोकरीतला माणूस, त्यानं नको म्हटल्यावर तो काय करणार? त्यानं क्लिप परत बसवली. ती बसताना झालेला टक् आवाज मला अजून ऐकू येतो. जेवताना येतो, भर बाजारात उभा असताना येतो. रोटर काढला तेव्हा मला ठाऊक नव्हतं. वामनचा हात धरला तेव्हा सगळं ठाऊक होतं. मागच्या सीटवर कोण आहे, त्याला काय झालंय, सगळं. तरी धरला.

पुढं दुधाचा टेम्पो आला. संपतला उचलून कॅनांच्या मध्ये निजवलं. तोवर त्याची जीभ जड झाली होती, बोललेलं कळत नव्हतं. टेम्पो काटेवाडीच्या अलीकडं असताना त्याचा श्वास थांबला. बारामती तिथून फार लांब नव्हती.

सगळे टेम्पोमागं गेल्यावर मी एकटा त्या चढावर होतो. खाली उतरलो, रोटर बसवला, किल्ली फिरवली. पहिल्याच सेलला लागली.

तात्या पुढं मला भेटायला आले. मी त्यांच्याकडं जायला हवं होतं, पण तेच आले. ते मला नावानंच हाक मारायचे. म्हणाले, "शंकरराव, तुमी लई खटपट केली. आमी बघितलंय. गाडीनंच दावा साधला, त्याला तुमी काय करणार?" आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. मुलगा गमावलेला बाप माझं सांत्वन करत होता, आणि मी ते करून घेतलं. रडलोसुद्धा त्यांच्यासमोर. ते रडणं खरं होतं की नाही, मला आजही सांगता येत नाही.

वर्षाच्या आत मी गाडी विकून टाकली. त्याचंही कौतुक झालं. संपतच्या दुःखानं अण्णांनी गाडी काढून टाकली, पुन्हा चारचाकी घेतली नाही, असा हळवा माणूस. हे अजून सांगतात, नव्या सुनांना सांगतात. नाव खराब होऊ नये म्हणून मी जे केलं, त्यातूनच नाव वाढत गेलं.

मध्यंतरी संपतच्या मुलानं गाडी घेतली. पाळण्यातला होता तो तेव्हा. शोभानं सांगावा धाडला की पहिल्यांदा अण्णांनीच चालवायची. मी पाय दुखतो म्हटलं, चष्म्याचा नंबर वाढलाय म्हटलं. ते दोघं दारात गाडी घेऊन आले. पोरानं किल्ली माझ्या हातात दिली, पाया पडला, आणि शेजारी बसला. शोभा मागं.

बारामतीच्या रस्त्याला लागलो. रस्ता आता चांगला झालाय. शोभा मागून मुलाला सांगत होती की तुझ्या बापासाठी अण्णा त्या दिवशी जिवाच्या आकांतानं धडपडले, वस्तीवर दुसऱ्या कुणी केलं नसतं. मी पुढं बघत होतो. मग काटेवाडी जवळ आल्यावर तिनं काच खाली केली. म्हणाली, "अण्णा, जरा हळू घ्या. हितंच गेलं ते."

मी गाडी हळू घेतली. पोरगा बाहेर बघायला लागला. सांगायला तेवढं अंतर पुरलं असतं. मी सांगितलं नाही. मग शोभानं काच वर केली आणि मी गिअर बदलला.