उष्ट्याची बादली

"थुंका! गिळू नका, थुंका!"

दिग्दर्शक असा ओरडला की स्टुडिओच्या छतावरचे दिवे हलले. त्याच्यासमोर टेबलाशी एक माणूस बसला होता. अंगात पांढरा लष्करी कोट, छातीवर पितळी बिल्ले, ओठावर डिंकाने चिकटवलेल्या मिशा. लंडनच्या रंगभूमीवर त्याने म्हणे एकोणीस राजे केले होते. तो वाकला आणि माझ्या हातातल्या बादलीत थुंकला.

माझ्या हातातल्या. हे दोनदा लिहितोय, कारण मला स्वतःलाच अजून पटत नाही. फूड टेक्नॉलॉजीत डॉक्टरेट मिळवलेला, ताटात एक शीत राहिलं तर पाठीत धपाटा खाऊन वाढलेला मी, ऐंशीच्या दशकात, अमेरिकेत, भर दुपारी एका वेल्श नटाचं उष्टं झेलत उभा होतो. बादली अर्धी भरली होती. आत पिवळा लगदा, त्यात गारठलेल्या कोंबडीचे चावलेले तुकडे, त्यावर लाळेच्या तारा. मधूनच एखादा बुडबुडा वर येऊन फुटायचा, जणू तळाशी कोणी श्वास घेतंय. त्या वासाने पुढे तीन वर्षं माझ्या केसांत मुक्काम केला. बायकोला विचारा.

मी शॉमबर्ग नावाच्या गावात, गोठवलेल्या तयार जेवणाचे डबे विकणाऱ्या एका फ्रोझन डिनरच्या कंपनीत होतो. साहेबांच्या मनात आलं, आपण इंडियन चिकन करी विकायची. कंपनीत इंडियन मी एकटा, म्हणून पाककृती माझी. मी मनापासून लिहून दिली. पहिल्या बैठकीत मिरची गेली. दुसऱ्या बैठकीत आलं-लसूण गेलं. तिसऱ्या बैठकीत साखर आली, कॉर्नस्टार्च आला आणि कोणाच्या तरी मेहुणीला आवडतात म्हणून मनुका आल्या. शेवटी जे तयार झालं ते भिंतीला कागद चिकटवायच्या खळीत हळद सांडावी तसं दिसायचं आणि, मी चाखलंय, तसंच लागायचं.

त्याची ही जाहिरात. हिंदुस्थानात राहून आलेला एक म्हातारा इंग्रज कर्नल एक घास घेतो, डोळे मिटतो आणि म्हणतो, "अहा! अगदी तस्संच!" बस्स. एक घास, एक वाक्य. आता अशा कामाची रीत अशी, की घास कॅमेऱ्यासमोर घ्यायचा, चावायचा, आणि 'कट' म्हटलं की बादलीत टाकायचा. गिळत बसलं तर विसाव्या टेकला नट आडवा होतो. बादली धरायला एक मुलगी होती. सतराव्या टेकला ती तोंडावर हात दाबून पळाली ती परत आलीच नाही. साहेब म्हणाले, "डॉक्टर, पदार्थ तुमचाच आहे. धरा."

"माझ्या घरी अन्न थुंकलं असतं," नट रुमालाने ओठ पुसत मला म्हणाला, "तर आईने चमच्याने हाणलं असतं."

"माझ्या आईला चमचा लागला नसता," मी म्हणालो.

तो हसला. त्या दिवशी आमचं जमलं ते तेवढ्यावर.

अडचण अशी होती, की त्याचा चेहरा ऐकत नव्हता. रंगमंचावर विषाचे प्याले अमृतासारखे पिणारा हा माणूस, माझ्या करीचा घास जिभेला लागला की त्याच्या नाकपुड्या आपोआप आखडायच्या. दिग्दर्शक केस उपटायचा. "सर, आनंद! तुम्हाला तुमची तरुणपणातली इंडिया आठवली आहे!"

"मी इंडियात गेलेलो नाही. आणि मी इंग्लिशही नाही. वेल्श आहे."

"तेच ते, सर."

नटाने माझ्याकडे पाहिलं. "तुला काय समजतात हे?"

"परवा इराणी समजले होते."

तो एवढा गडगडून हसला की मिशीचं एक टोक सुटलं, आणि ते चिकटवण्यात दहा मिनिटं गेली. त्या दहा मिनिटांत, आणि पुढच्या प्रत्येक खोळंब्यात, त्याने मला आपलं आयुष्य तुकड्या-तुकड्याने सांगितलं. बादली मांडीवर घेऊन मी ऐकलं.

तो वेल्समधल्या एका डोंगरातल्या गावचा. आपण ज्या दगडाच्या पाटीवर अ-आ गिरवलं, तसला दगड तिथे डोंगर पोखरून काढतात. बाप त्याच खाणीत. धूळ छातीत बसून बापाचा आवाज गेला, आणि तो सगळा आवाज, तो म्हणायचा, मुलाला मिळाला. आवाज होताच तसा. तो नुसतं "मीठ द्या" म्हणाला तरी टेबलावरच्या काटेचमच्यांना कंप सुटायचा. प्रार्थनामंदिरात पाठांतर करता करता तो बोलायला शिकला. घरी इंग्रजीचा एक शब्द नव्हता. पुढे लंडन, नाटकं, राजे, हारतुरे. आईला एकदा नाटक बघायला आणलं. तिला एक अक्षर कळलं नाही. नाटक संपल्यावर तिने सांगितलं, "तू फार ओरडतोस. लोक जवळच बसलेत."

मग सिनेमाने त्याला अमेरिकेत उचलून आणलं. पहिली दोन वर्षं सरदार, सेनापती. मग चाचे. मग वेडे शास्त्रज्ञ. चाळिशी उलटली तशी दारू पोटात आणि भूमिका गटारात. एका सिनेमात राक्षसी गोगलगाईंनी त्याला खाल्लं. सिनेमा चालला, म्हणून दुसऱ्या भागात पुन्हा खाल्लं. "दोन्ही वेळा," तो म्हणाला, "त्या या करीपेक्षा बऱ्या होत्या."

मला हसू आलं आणि राग आला, एकदमच.

पण त्याची नजर सतत भिंतीवरच्या घड्याळाकडे. मी कारण विचारलं. न्यूयॉर्कमध्ये एक छोटी नाटक मंडळी नवं नाटक करत होती. दगडाच्या खाणीतल्या एका मुक्या होत चाललेल्या बापाचं. बापाची भूमिका त्याला देऊ केली होती. आयुष्यभर राजे करून झाल्यावर पहिल्यांदा त्याला कोणी त्याच्या घरातलं माणूस करायला सांगत होतं. पहिलं वाचन त्याच संध्याकाळी आठला. याच्या शूटिंगांपायी मंडळींनी तारीख दोनदा पुढे ढकलली होती. तिसऱ्यांदा ढकलणार नाही, आला नाहीस तर दुसरा बघू, असं स्पष्ट कळवलं होतं. विमान साडेतीनचं. आणि करारात लिहिलेलं, की साहेब 'झालं' म्हणेपर्यंत सेट सोडायचा नाही.

तेव्हा एक वाजला होता. टेक झाले होते सव्वीस.

आता इथे मी जे केलं त्याला मी बरीच वर्षं 'मदत' म्हणत आलो. खरं सांगायचं तर मला एक घास, फक्त एक घास, कॅमेऱ्यासमोर कोणाला तरी खरोखर आवडीने खाताना बघायचं होतं. माझ्या पिशवीत माझा डबा होता. बायको धुळ्याकडची. कोंबडीचा काळ्या मसाल्याचा रस्सा, वर बोटभर तेल, आणि भात. ताटली सजवणारी बाई सिगारेट ओढायला बाहेर गेली तशी मी कंपनीची खळ बादलीत ओतली आणि ताटलीत माझा रस्सा वाढला. चांगला दोन डाव. मग आपल्या सवयीने आणखी एक.

"ॲक्शन!"

त्याने घास घेतला. चावला. आणि तो चेहरा, काय सांगू! पन्नास वर्षं मागे गेला. डोळे मिटले, कपाळ सैल झालं, गळ्यातून एक हुंकार निघाला. "अहा," तो पुटपुटला, "अगदी तस्संच." दिग्दर्शकाने हवेत उडी मारली. कट म्हटलं तरी हा थुंकेना. उलट ताटलीतली नळी दोन बोटांत उचलून, कॅमेरा थांबायच्या आतच, डोळे मिटून चोखायला लागला. सुर्र सुर्र आवाज माइकवर आला.

"ते काय आहे त्याच्या तोंडात?" मागून साहेब किंचाळले. "हाड? हाड आहे ते? ईऽऽ!"

आमची करी बिनहाडाची. अमेरिकेत कोंबडीला हाडं असतात हे टीव्हीवर दाखवत नाहीत. मी हाडासकट वाढलं होतं, कारण बिनहाडाचा रस्सा असतो हेच माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. आमच्याकडे पाहुण्याला नळी मुद्दाम वाढतात! साहेबांचं तोंड हिरवं पडलं. बादलीभर उष्ट्याने ज्यांना काही झालं नव्हतं, त्यांना एका स्वच्छ चोखलेल्या हाडाने मळमळलं. "पुन्हा घ्या! कंपनीच्याच डब्यातलं! दुसरं जेवण आपलं म्हणून दाखवलं तर खटला होईल!"

पुन्हा घ्यायला हरकत नव्हती. विमानाला दोन तासांहून जास्त वेळ होता. नटाने तोंड उघडलं, "अहा! अगदी—"

उचक्.

काळ्या मसाल्याने आपलं काम केलं होतं. नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी, मिशीचा डिंक विरघळलेला, आणि दर पाच सेकंदांनी अशी एक उचकी की बिल्ले खणखणावेत. पाणी पाजलं, साखर चारली, दिग्दर्शकाने मागून येऊन 'भ्भो' केलं. तेहतीस टेक. पस्तीस. प्रत्येक टेकला कंपनीची थंड खळ तोंडात, प्रत्येक 'तस्संच'च्या मध्ये उचकी, आणि मग बादली. एकदा बादली यायच्या आत उचकी आली. माझ्या बाहीवरचा तो ओला, कोमट, पिवळा गोळा मी आजही अंगावरून झटकतो.

"आमच्याकडे म्हणतात," मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "उचकी लागली म्हणजे कोणीतरी आठवण काढतंय."

"न्यूयॉर्कमध्ये काढताहेत," तो म्हणाला. "उचक्. घड्याळाकडे बघून."

तीन वाजून पाच मिनिटांनी उचकी थांबली. एक्केचाळिसावा टेक बरा गेला. सगळ्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी छोट्या पडद्यावर सकाळपासूनचं एकेक चित्रण लावायला सांगितलं, हनुवटी खाजवली आणि म्हणाले, "चौथा घेऊ."

"चौथा?" दिग्दर्शकाने विचारलं. "सकाळचा?"

"हो. सकाळीच मला आवडला होता. पण म्हटलं, आणखी काही बरं मिळतंय का बघू. झालं."

माणसाच्या पोटात किळस किती मावते ते मला त्या क्षणी कळलं. म्हणजे हा माणूस सकाळी दहालाच सुटू शकत होता. त्यानंतर जे बादलीत पडलं ते सगळं उगाच. आणि त्यातला दुपारनंतरचा भाग माझ्या डब्यामुळे. साहेबांची किळस जास्त की स्वतःची, हे ठरवायला मला वेळ नव्हता. मी बादली त्यांच्या चकचकीत बुटांशेजारी, थोडी हिंदकळेल अशी ठेवली, आणि नटाला दंडाला धरून बाहेर काढलं.

माझी गाडी तेव्हा अशी, की सायकलवाले मला हात करून पुढे जायचे. त्या दिवशी मात्र ती उडाली. दोन सिग्नल मी पाहिलेच नाहीत, एका पोलिसाने मला पाहिलं असेल तर त्याचा अजून विश्वास बसला नसेल. नट शेजारी कर्नलच्या वेषात, अर्धी मिशी ओठावर, अर्धी हातात. रस्ताभर तो एकच वाक्य स्वतःशी म्हणत होता. त्याच्या भाषेत, फार हळू, ओरडल्याशिवाय. नाटकातल्या बापाचं ते शेवटचं वाक्य, आणि लेखकाने ते वेल्शमध्येच ठेवलंय, असं त्याने सांगितलं. मी अर्थ विचारला नाही. विचारायची लाज वाटली.

विमानतळावर पोचलो तेव्हा दार बंद झालं होतं. काचेतून विमान मागे सरकताना दिसत होतं. पुढच्या विमानाने गेलं तर वाचन संपल्यावर पोचणार. तो सार्वजनिक फोनकडे गेला. मी सुटी नाणी त्याच्या तळहातावर ओतली. लांबून मला फक्त त्याची पाठ दिसत होती, पांढऱ्या कोटावर मागे काळ्या रश्श्याचा एक डाग. तिथे तो कसा पोचला, देव जाणे. तो फार वेळ बोलला नाही. बराच वेळ ऐकलं, मान हलवली, फोन ठेवला आणि परत आला.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"दुसरा घेतला म्हणाले."