लंकेला बारा महिने पाऊस

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — तेही नीट कळत नाही.

सहली आखणं हा माझा धंदा. औरंगाबादेत छोटं ऑफिस होतं. दुष्काळाची वर्षं. शहर बिडकीनच्या दिशेनं पसरत होतं आणि आमच्या कॉलनीत टँकर यायचा. लोकांना समुद्र हवा असायचा. मी त्यांना श्रीलंकेला न्यायचो. उन्हाळ्यानंतर तिथल्या पश्चिम किनाऱ्यावर पाऊस, तेव्हा पूर्वेकडं जायचं, हिवाळ्यात उलटं. कुठला ना कुठला किनारा कोरडा असतोच. हे मला पक्कं ठाऊक होतं — म्हणून तर सांगतोय.

माय माझ्याजवळच राहायची. तिचा अर्धा जन्म मेंढरांमागं गेलेला, त्यामुळं बोलणं रानातलं, मोठ्यानं. तिनं माझ्याकडं एकच गोष्ट मागितली. तुझ्या लोकांसंगं मलाबी ने, समुद्र बघायचाय, म्हणाली.

मी म्हणालो, आता तिथं पाऊस आहे. दिवाळीत विचारलं, तेव्हाही पाऊस. होळीला विचारलं, तेव्हाही.

खरं काय होतं? माझी गिऱ्हाइकं डॉक्टर, प्राध्यापक. त्यांच्यात ही मोठमोठ्यानं बोलेल, हॉटेलात ताट घेऊन खाली बसेल — मला लाज वाटायची. मायची लाज.

एकदा ती टँकरवरून घागर भरून आली आणि दारातच म्हणाली, "पाऊस आसला तर आसू दे की. मला पाऊसबी बघायचाय."

मी तिची घागर उतरवून घेतली.

"पावसात तिकडं विमानं जात नाहीत, माय."

"व्हय का? मग नगं."

तिला पटलं. शेजारणींनाही तिनं कौतुकानं सांगितलं — माझ्या लेकाला आभाळातलं समदं कळतं. पुन्हा कधी विचारलं नाही. पुढच्या वर्षी ती गेली.

तेरावं उरकून मी ठरलेली लंकेची सहल घेऊन निघालो. त्या गटात एका डॉक्टरांची आई होती. पैठणकडची, नऊवारीतली, तशीच मोठ्यानं बोलणारी. सगळे तिच्याभोवती गोळा व्हायचे. तिच्यामुळं कुणालाच अवघडल्यासारखं झालं नाही — तिच्या मुलाला तर नाहीच.

बोटीत चढताना तिनं माझ्याकडं हात केला. मी तो धरला, तिला बसवलं, जॅकेटचे पट्टे आवळले. "जपून, मावशी," म्हणालो. मला रडू आलं नाही. काहीच आलं नाही.

संध्याकाळी हॉटेलात मी पुढच्या गटाच्या तारखा ठरवत बसलो.