आईच्या वाक्यापुढची चांदणी

इटारसीला गाडी बदलायची होती, आणि बाबांनी ते मला जबलपूरच्या फलाटावर चार वेळा सांगितलं. बी.एस्सी. झाल्यावर गणितात एम.एस्सी. करायला मी हैदराबादला निघाले होते. बाबा जबलपूरच्याच खमरियाच्या दारूगोळा फॅक्टरीत तपासणी विभागात होते. हाताने मोजून पाहिल्याशिवाय त्यांचा कशावरच भरवसा बसत नसे. माझ्या ट्रंकेची कडी त्यांनी दोनदा ओढून पाहिली. आई एवढंच म्हणाली, "जाऊन राहिली ना, तर मागं पाहू नको. पाहशील तर मी रडीन." मी पाहिलं नाही. त्याचा मला आजही अभिमान आहे, आणि थोडं वाईटही वाटतं.

बाबा वर्ध्याहून फॅक्टरीत लागले तोवर दोन्हींचा जुना प्रांत फुटून वर्धा महाराष्ट्रात गेलं होतं आणि जबलपूर मध्य प्रदेशात राहिलं होतं. आमच्या क्वार्टरच्या दारापर्यंत मराठी, दाराबाहेर हिंदी. शाळेत मराठी नव्हतीच, त्यामुळे आपल्या मराठीत काही चूक असू शकते हेही मला माहीत नव्हतं.

ते हैदराबादला कळलं. दुसऱ्या वर्षी तिथे दहा दिवसांचं एक वर्कशॉप होतं, गणिताच्या मदतीने वाक्यरचना तपासण्याचं. मी गेले ती गणितासाठी. शिकवणाऱ्या बाई तमिळ होत्या. पहिल्याच सकाळी त्यांनी प्रत्येकाकडून घरच्या भाषेतलं एक वाक्य मागितलं. मी म्हटलं, "बाबा येऊन राहिले."

पुण्याच्या एका मुलाने विचारलं, "म्हणजे आले आणि मुक्काम केला?"

"नाही. येऊन राहिले. रस्त्यात आहेत."

"ते 'येतायत' असं हवं. हे अशुद्ध आहे."

दोघंतिघं हसले. बाईंनी आमचं बोलणं समजून घेतलं आणि फळ्यावर दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी लिहिली. "ही असं बोलते, हिची गल्ली असं बोलते," त्या म्हणाल्या. "आता नियम शोधायचं काम आपलं." त्या दहा दिवसांत मी माझ्या घरच्या बोलण्याची झाडासारखी आकृती काढायला शिकले, आणि गणित न सोडता भाषेकडे वळले. बाबांना पत्रातून कळवलं. त्यांचं उत्तर आलं: "मराठीत आता काय शिकायचं आहे? ती तर तुला येते."

आज मी बुडापेस्टमध्ये शिकवते. ट्रामला आता सहजच व्हिलामोश म्हणते, बेकरीतल्या बाईशी हंगेरियनमध्ये हुज्जत घालते, आणि दरवर्षी निरनिराळ्या भाषांची वाक्यरचना तुलनेला घेणारं एक वर्कशॉप भरवते. जपानी, तमिळ, हंगेरियन, आणि त्यांच्या रांगेत आमचं 'करून राहिलो'. जे माझ्यासारखे निघाले त्यांना हे सुख ठाऊक असेल: ज्या बोलण्याला लोक हसले, त्याच्याच जोरावर आपली भाकरी चालावी. जे मागे राहिलात, तुम्हाला मात्र मला दुसरंच काही सांगायचं आहे.

तीन वर्षांपूर्वी मी एक नियम मांडला होता. आमच्या मराठीत 'नाही' हा शब्द कुठे बसतो, त्याचा. 'गाडी येऊन नाही राहिली' हे चालतं. 'गाडी येऊन राहिली नाही' हे चालत नाही, असं माझं म्हणणं. आमच्या शास्त्रात जे वाक्य कोणी बोलत नाही त्याच्यापुढे छोटी चांदणी काढतात. मी काढली. बोली माझीच, म्हणून साक्षीदारही मीच, त्यामुळे कोणाला विचारायचा प्रश्न नव्हता. त्या चांदणीवर माझी अर्धी सिद्धता उभी होती.

त्या वर्षीच्या वर्कशॉपच्या आधी दोन आठवडे मी जबलपूरला गेले. बाबा आता तिथल्याच रांझी भागात स्वतःच्या घरात राहतात. दुपारी त्यांनी माझे कागद हातात घेतले, चष्मा लावला आणि मराठी वाक्यं तेवढी वाचत गेले.

"ही चांदणी काहून?"

"म्हणजे असं कोणी बोलत नाही, बाबा."

"अच्छा, म्हणजे रिजेक्ट." त्यांनी स्वयंपाकघराकडे बघून आवाज दिला, "अहो, तुमचं बोलणं रिजेक्ट केलं हिनं!"

आई हात पुसत आली. मी दोन्ही वाक्यं वाचून दाखवली. ती म्हणाली, "दोन्ही बोलतो की. पण एकसारखी नाहीत ती."

"कशी?"

"हे बघ. तुला सुट्टी नाही मिळाली, तू आधीच सांगून दिलं. तर मी शेजारच्या बोरकरबाईंना म्हणते, पोरगी यंदा येऊन नाही राहिली. बस, झालं. पण तू येते म्हणालीस, मी गादीला ऊन दाखवलं, अन् मग तुझा फोन आला की नाही जमत. तेव्हा म्हणते, पोरगी येऊन राहिली नाही."

दुसरं वाक्य वाट पाहणाऱ्याचं होतं. मी ते कधी ऐकलं नव्हतं, कारण ते बोललं जायचं तेव्हा मी घरात नसायचे.

"असं किती वेळा म्हणालीस, आई?"

"मोजलं काय मी?" ती म्हणाली आणि भाजी हलवायला आत गेली.

सिद्धता कोसळली. ती नव्याने उभी करायला मला नऊ दिवस लागले, रांझीच्या त्याच टेबलावर. मधेमधे आईला हाक मारायची, वाक्य विचारायचं, तिने कुरकुरत उत्तर द्यायचं. नवा नियम जुन्यापेक्षा चांगला निघाला. त्यात 'नाही'ची जागाच सांगते की बोलणाऱ्याने आशा धरली होती की नव्हती.

बुडापेस्टला मी सगळ्यांसमोर आधी माझी चूक सांगितली, मग चांदणी पुसली. एका ज्येष्ठ सहकाऱ्याने विचारलं, "तुम्ही स्वतः हे वाक्य बोलता का?"

"नाही," मी म्हटलं. "मी निघून गेलेली आहे. हे घरी राहिलेल्यांचं वाक्य आहे."

लेख छापायला गेला तेव्हा मी आईला फोन केला. तुझं नाव टाकते, असं सांगितलं.

"माझं नाव काहून? तिथं कोण ओळखते मला?" ती म्हणाली. "गाव टाक."

आधीच्या लेखांत भाषेच्या नावापुढे मी नुसतं 'मराठी, नागपूरकडची' असं लिहीत असे, पटकन समजावं म्हणून. घर कुठलं असं इथे कोणी विचारलं तरी भारत म्हणून मोकळी होत असे. आता तसं करत नाही. जिथे माझ्या न येण्यासाठीही एक वेगळं वाक्य ठेवलेलं आहे, ते माझं घर. लेखात पहिल्याच पानावर, भाषेच्या नावाखाली, मी लिहिलं: रांझी, जबलपूर.