मी पायांसाठी साकडं घातलं होतं

देवळासमोरच्या उतारावर व्हीलचेअर उभी करून मी चपला ठेवायला गेलो आणि ब्रेक लावायचा विसरलो. परत येतो तर धाकटा भाऊ सुहास खुर्चीसकट फूलवालीच्या टोपल्यांत, मांडीवर झेंडूचा ढीग. चूक माझी, पण ओरडलो मी त्याच्यावरच. "हात तरी शाबूत आहेत ना तुझे? ब्रेक लावता येत नाही?"

खरं सांगायचं तर मी थकलो होतो. दीड वर्षापूर्वी महाळुंग्याला कंपनीच्या शेडवरून तो पडला, पाठीचा कणा दुखावला, पाय गेले. तेव्हापासून तो निगडीला आमच्याकडे. माझी शिफ्ट, त्यात त्याचं अंग पुसणं, लघवीची पिशवी बदलणं. माझी तक्रार नव्हती. म्हणजे होती, पण मनात. बसून बसून जखमा होऊ नयेत म्हणून दर अर्ध्या तासाने हातांवर रेटून अंग उचलायचं, एवढंच त्याचं काम. तेही करेना. विचारलं की "केलं की दादा" म्हणे, नाहीतर हातातला पेला फेके. मला वाटलं, आळस आणि माज. त्याला गावी म्हाताऱ्या मावशीकडे धाडायचं मी पक्कं केलं होतं, तिकीटही काढलं होतं. तिथं त्याला कोण उचलणार, हा विचार मुद्दामच केला नाही. जाण्याआधी दत्ताला शेवटचं साकडं घालायचं, याच्या पायांत बळ दे, म्हणून आलो होतो.

फुलं गोळा करताना सुहासने विचारलं, "ताई, लागलं नाही ना?"

"न्हाई रं भावा."

दोन मिनिटांनी पुन्हा तेच. मग तिसऱ्यांदा. तिनं टोपली खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. "दादा, ह्यांचं डोकं दाखवलंय का कुणाला?"

"डोक्याला काही नाही हो. पाठीचं आहे."

"आमच्या मालकांची बी समद्यांनी पाठच बघितली. डोक्याचं लई उशिरा कळलं. तवर मी लई बोलले त्यांना."

तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, पडताना मेंदूलाही मार बसला आहे; जीव आणि कणा वाचवण्याच्या गडबडीत ते राहून गेलं. आता दर अर्ध्या तासाला मोबाइल वाजतो, तो अंग उचलतो. चिडतो अजूनही. पाय होते तसेच आहेत.

फूलवाली अदृश्य वगैरे झाली नाही. पुढच्या गुरुवारी गजऱ्यावरून एका बाईशी तावातावाने भांडत होती. तरी मी आधी तिला हात जोडले, मग आत गेलो. काय द्यायचं हे मीच देवाला सांगायला निघालो होतो. त्यानं माझं ऐकलं नाही, याबद्दल त्याचे उपकार मानले आणि या वेळी काही न मागता परतलो.

गावचं तिकीट रद्द केलं. बायकोला म्हणालो, "सुहासची माफी मागावी म्हणतोय. पण संध्याकाळपर्यंत तो विसरून जाईल."

मेथी निवडता निवडता मान वर न करता ती म्हणाली, "मग उद्या परत मागा."