पुण्याला समुद्र नाही

खराडीतल्या काचेच्या इमारतीत, वातानुकूलित गारव्यात बसून मी समुद्राचं भविष्य सांगायचे. वादळ आलं की किनाऱ्यावरच्या शहरांत उधाणाचं पाणी कुठवर शिरेल, याचा अंदाज बांधणं हे माझं काम. आमच्या टीममधले निम्मे लोक नागपूर-चंद्रपूरकडचे. समुद्र त्यांनी सहलीत पाहिलेला, तोही चपला हातात घेऊन. पाण्याशी ज्याचा संबंध नाही तोच त्याचा निःपक्षपाती अंदाज बांधतो, असं आमचे मॅनेजर म्हणत. ते सोलापूरचे होते, त्यामुळे पटायचं.

नकाशावर बुडणारी घरं लाल, वाचणारी हिरवी. काम इतकं सोपं वाटायला लागलं होतं की मला स्वतःबद्दल फारच आदर निर्माण झाला.

त्याच सुमारास बाबांनी कोकणात समुद्रासमोर एक लहानसं घर घ्यायचं ठरवलं. सरकारी कचेरीतून ते निवृत्त झालेले. आई गेल्यापासून येरवड्यातलं तळमजल्याचं घर त्यांना खायला उठायचं. हयातभर काही न मागणाऱ्या माणसाने पहिल्यांदा काहीतरी हवं म्हटलं, आणि मी लगेच लॅपटॉप उघडला. घर लालभडक निघालं.

“आणि आपलं हे?” बाबांनी विचारलं.

“हिरवं. पुण्याला समुद्र नाही, बाबा.”

“बरं झालं सांगितलंस,” ते म्हणाले, आणि कोकणातल्या घराचे फोटो त्यांनी कपाटात ठेवून दिले. मी जिंकले होते. पेढे वाटायचे तेवढे राहिले.

पुढच्या पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं आणि नदी येरवड्यात शिरली. तिला माझ्या नकाशाची कल्पना नसावी. मी पोचले तोवर घरातलं पाणी घोट्यापर्यंत उतरलं होतं. कपाटाचा खालचा खण भिजला होता, आणि त्यात आईच्या साड्या होत्या. बाबा पाण्यात उभे राहून एक साडी पिळायचा प्रयत्न करत होते. एकट्याला ते जमत नव्हतं. मला रडू आवरेना.

“नकाशात आपलं घर अजून हिरवंच आहे का गं?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“मग हे पाणी नसेल. धर ते टोक.”

मी टोक धरलं. दोघांनी पीळ घालून एकेक साडी खिडकीच्या गजांवर टाकली. गज संपले, तरी साड्या उरल्या.

संध्याकाळी मी कोकणातल्या घरमालकाला फोन लावला. घर विकलं गेलं होतं. घेणाऱ्याने म्हणे काहीच चौकशी केली नाही, नुसता ओट्यावर बसून समुद्र बघितला आणि हो म्हणाला.

बाबांना सांगितलं. ते चिखलाने भरलेली फरशी घासत होते.

“चांगलं झालं,” मान वर न करता ते म्हणाले. “लाल होतं ना ते.”