वाढत्या अंगाचं माप

शिलाईच्या दुकानात किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. मशीनखालच्या चिंध्यांसारखे ते आपोआप साठतात, आणि झाडून टाकावं म्हटलं तर त्यातच एखादी कामाची निघते! अहमदपुरात एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं आणि माझ्या थोरल्या जावेचं, शोभाताईंचं, लेडीज टेलरचं दुकान आहे. वर्षभर ब्लाऊज आणि फॉल-पिको. शाळांचं गॅदरिंग जवळ आलं की ब्लाऊज मागे पडतात आणि शेपट्या, सोंडा, मुकुट, पंख सुरू होतात.

काहीही शिवायला आणा, आई-बापाचं वाक्य ठरलेलं. "वाढत्या अंगाचं शिवा, बाई!" म्हणजे आत कापड दुमडून ठेवा, पोरगं वाढलं की उसवून मोठं करता येईल. फ्रॉकचं मी समजू शकते. पण हत्तीची सोंड?

"सोंड बी!" शोभाताई म्हणतात. "आपल्याकडं बिनवाढीचं काय शिवतात का?"

* * *

एक पाटील पोराला राजा करायचं म्हणून आले. मुकुट वाढत्या अंगाचाच पाहिजे! मी म्हटलं, "भाऊ, डोकं काय ढांगाढांगानं वाढतं का?" ऐकतील तर पाटील कसले!

स्टेजवर राजानं मान हलवली आणि मुकुट सरळ गळ्यात. पोरगं हुशार. त्यानं अख्खं भाषण मुकुटाच्या आतूनच ठोकलं! मी तोंड लपवून बसले होते. गर्दीत पाटील छाती काढून शेजाऱ्याला सांगत होते, "पुढल्या साली बराबर बसंल की!"

* * *

मागच्या वर्षी मात्र एक बाई आल्या आणि त्यांनी ते वाक्य म्हटलंच नाही.

लताबाई. जवळच्याच खेड्यातल्या, शेती करणारं घर. सोबत पहिलीतली सई. दुकानाच्या दोन पायऱ्या चढून पोरगी बाकावर टेकली आणि नुसती धापा टाकत राहिली. नखं निळसर. काळजाला छिद्र होतं. लातूरच्या डॉक्टरांनी सोमवारी ऑपरेशन ठरवलं होतं आणि गॅदरिंग होतं त्याच्या आधीच्या शनिवारी.

"मला मोर व्हायचंय," सई म्हणाली. "पिसारा उघडला पाहिजे. नुसता लोंबता नको!"

मी कमरेचं माप घेतलं आणि सवयीनं बोलून गेले, "आत किती कापड ठेवू?"

लताबाईंनी पोरीकडे पाहिलं नाही. "एवढ्यापुरतंच शिवा, बाई," म्हणाल्या.

माझ्या हातातला टेप तिथंच थांबला. शोभाताई मशीनवरून मान वर न करता एवढंच म्हणाल्या, "बरं."

* * *

त्याच आठवड्यात एक आजोबा नातवाला माकड करायला घेऊन आले. शेपटीत भरायला चिंध्या आहेत म्हटलं तर म्हणाले, "चिंध्या कशाला? घरचा कापूस हाय!" गाठोडं टाकून गेले. आम्ही सईच्या पिसाऱ्याच्या गडबडीत. कापूस उघडून कोण बघतंय? तसाच कोंबला, सरकीसकट!

त्या नातवाच्या शाळेचं गॅदरिंग गुरुवारीच होतं आणि फाटकापाशी कुणाची तरी म्हैस बांधलेली होती. सरकी म्हणजे म्हशीचा पेंडखजूर! माकड पुढं गेलं, शेपटी मागं राहिली. पोरगं भोकाड पसरून रडलं. आजोबांनी त्याला कडेवर घेतलं आणि भर मैदानात ओरडले, "गप! शेपटीबिगर बी माकड माकडच असतंय!"

त्या दिवसांत मी हसले ती तेवढीच.

* * *

शुक्रवारी दुपारी सई पिसारा घालून बघायला आली. आम्ही जीव ओतला होता. निळी मखमल, जरीचे डोळे, आत जाड तार. पट्टा बांधला, पोरगी उभी राहिली आणि दोन पावलांत खाली बसली. ओठ जांभळे पडले.

"उतरवा! आधी उतरवा!" लताबाई ओरडल्या. माझ्या हातून गाठ सुटेना. शोभाताईंनी कात्री घेतली आणि पट्टाच कापला.

थोड्या वेळानं सईच्या ओठांवर रंग आला. लताबाईंनी तिचं दप्तर उचललं आणि तिचा हात धरला. "राहू द्या, बाई. न्हाई करायचं मोर-बिर." सई रडली नाही. तिनं कापलेला पट्टा उचलून माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "मावशी, हलका करा ना."

मला खरंच भीती वाटली. उद्या स्टेजवर काही झालं तर? मी तसं बोलूनही दाखवलं. शोभाताई भडकल्या, "भेऊन राहिली तर बाजूला बस! पोरीनं हलका मागितला, बंद करा म्हणली का?"

लताबाईंनी उचललेलं दप्तर पुन्हा बाकावर ठेवलं. आम्ही मखमल उसवली. माझी जुनी नायलॉनची साडी फाडली. तारेच्या जागी खराट्याच्या काड्या घातल्या. तेवढ्यात लाईट गेली! शोभाताईंनी जुनी पायमशीन ओढली आणि मखमलीच्या उरलेल्या तुकड्यातून पट्टा नव्यानं शिवला. मी मध्ये बघायला गेले तर म्हणाल्या, "तू काड्या बांध. पट्ट्यात नाक घालू नको."

* * *

शनिवारी शाळेतल्या बाईंनी सईला नाचवलं नाही. तिनं स्टेजच्या मधोमध उभं राहायचं आणि नाडी ओढून पिसारा उघडायचा, एवढंच. पडदा सरकला. सईनं नाडी ओढली. पिसारा हलला नाही.

तिनं पुन्हा ओढली. कुठंतरी काडी अडकली होती. लताबाई उठून उभ्या राहिल्या. मी शोभाताईंचा दंड इतका आवळला की वळ उठला. सई थांबली, मोठ्यांदा श्वास घेतला, तो माईकवर सगळ्यांना ऐकू आला. मग तिनं नाडी हळूच बाजूला ओढली आणि पिसारा उघडला.

पोरं ओरडली, "वन्स मोअर!" खालून लताबाईंचा आवाज आला, "न्हाई! बास!" आणि त्या धावत स्टेजवर चढल्या.

सोमवारी पिसारासुद्धा लातूरला गेला. दवाखान्यात सोबत पाहिजे म्हणून पोरीनं हट्ट धरला होता.

त्यानंतर काही कळलं नाही. आम्ही कुणाला विचारलंही नाही. खोटं कशाला बोलू, विचारायची हिंमत झाली नाही. त्या गावची कुणी बाई ब्लाऊज टाकायला आली की मी मापाशिवाय दुसरं काही बोलायची नाही.

* * *

या वर्षी गॅदरिंगच्या आधी दुकानात गर्दी होती. पायऱ्या धडाधडा चढल्याचा आवाज आला.

"मावशी, पट्टा बसंना!"

सई! अंगानं भरलेली, समोरचे दोन दात पडलेले, बगलेत तोच पिसारा. मागून लताबाई. "लई आखूड पडून राहिला, बाई. नवा पट्टा लावता का?"

शोभाताईंनी पट्टा उलटा केला, कात्रीच्या टोकानं आतली टीप उसवली आणि दुमड खाली सोडली. आतली मखमल अजून कोरीच्या कोरी होती, गडद निळी.

लताबाई बघत राहिल्या. "हे कवा ठिवलं?"

"शिवतानाच," शोभाताई म्हणाल्या आणि पुढची टीप उसवायला लागल्या.

लताबाईंनी झटकन त्यांचा हात धरला.

"समदं सोडू नका, बाई. थोडं आत राहू द्या. वाढत्या अंगाची हाय पोरगी!"