रुपचंदच्या नावाची मूठ

नगाव मागे पडलं तरी ताईबाई बोलली नाही. चिखलाने जड झालेल्या वहाणा तिने हातात घेतल्या होत्या आणि ती रस्त्याच्या अशी मधोमध चालली होती, की समोरून येणाऱ्या बैलगाडीवाल्यानेच मुकाट्याने गाडी कडेला घेतली. वच्छलाबाई पदर सावरत मागून येत होती. सकाळी धुळ्याहून निघताना दोघींच्या तोंडाला खळ नव्हता. ताईबाईच्या दिराच्या मळ्यातून परतताना मात्र दोघींच्याही डोक्यात राग मावत नव्हता.

वच्छलाबाई शिंप्यांची सून, ताईबाईच्या भिंतीला भिंत लागून राहणारी. गल्ली एक, म्हणून पाणीही एकच. वरच्या गल्ल्यांचं पावसाचं पाणी पूर्वी एका उघड्या नालीने त्यांच्या दारांवरून मागच्या नाल्यात जायचं आणि तिथून पांझरा नदीत. आषाढाच्या तोंडावर ताईबाई कासोटा घट्ट करून फावड्यानिशी नालीत उतरायची आणि घराघरातून बायकांना बाहेर काढायची. "या वं बाईसहोन, का पांझरालेच घर दखाडनं शे?" कोणी कंबर दुखते म्हणालं तर त्याच नालीतला गाळ तिच्या उंबऱ्यावर पडायचा. शिव्या घालत, हसत सगळ्या उतरायच्या. संध्याकाळपर्यंत नाली लख्ख.

मग ताईबाईचा धाकटा दीर रुपचंद कापसात वर आला आणि म्युनिसिपल कमिटीचा मेंबर झाला. त्याने नालीच्या तोंडावरच गोदाम बांधलं. तोंड दगडचुन्याने बुजवलं, गोदामात गाड्या सरळ जाव्यात म्हणून पुढचा रस्ता मुरूम टाकून उंच करून घेतला. आता पाणी वरून येतं आणि खाली मुक्कामाला राहतं. मोरीची घाण, मेलेल्या घुशी, सगळं चुलीपर्यंत. पांढऱ्या मातीच्या भिंती बुडापासून सुटतात. गेल्या पावसाळ्यात भर दुपारी गल्लीतल्या म्हाताऱ्या बेबाबाईवर तिच्याच घराची भिंत बसली. रुपचंद खांदा द्यायला आला आणि म्हणाला, देवाची करणी.

वच्छलाबाई तुळशीला पाणी घातल्याशिवाय तोंडात घोट न घेणारी बाई. पण त्या दिवशी तिला वाटलं, देव काय या माणसाने पगारी ठेवलाय, स्वतःचं केलेलं त्याच्या नावावर घालायला?

यंदा ताईबाईची मागची भिंत पोट काढून उभी होती. रुपचंद घरी सापडत नव्हता. कमिटीत गाठला तर म्हणायचा, मीटिंगमध्ये बघू. म्हणून आज दोघी मळ्यावर गेल्या होत्या. तो विहिरीच्या काठावर भाकरी खात होता. वहिनीला पाहून उठला, पाया पडला. तेच वाईट. पाया पडणारा माणूस ऐकेल असं वाटतं.

"नाली मोकळी कर," ताईबाई म्हणाली. "दुसरं काही बोलाले ऊनू नही."

"वहिनी, पानी देव देस. मी का वरथून वतस?"

"देवनी उतारबी दियेल व्हता. तो तू बुजी टाका."

वच्छलाबाईला राहवलं नाही. "मग बेबाबाईला पण देवानेच मारलं म्हणायचं का, रुपचंदभाऊ?"

"शिंपीन वहिनी, तुम्ही चोळ्या शिवा. गाव आमले चालाऊ द्या." शेजारी भाकरी खाणारे गडी हसले. हात धुता धुता तो ताईबाईकडे वळला आणि अगदी मायेने म्हणाला, "आनी वहिनी, यंदा कानबाई मना माडीवर बसाडूत. तुमना तठे गटारनं पानी. देवीले कसाले तरास?"

श्रावणात कुळाची देवी कानबाई थोरल्या भावाच्या घरी बसते. ताईबाई या घरात आल्यापासून ती कधी दुसरीकडे बसली नव्हती. गटार याने आणायची आणि देवीही यानेच न्यायची. ताईबाई तिथूनच मागे फिरली होती.

ताईबाई लग्न होऊन आली तेव्हा घरात सासू नव्हती, होता तो रांगता रुपचंद. ती स्वतःच परकर सांभाळणारी पोर. तो रडला की त्याला पाठीशी बांधून जात्यावर बसायची, कारण जात्याची घरघर सुरू झाल्याशिवाय तो झोपायचा नाही. पुढे तिला दोन मुली झाल्या, नांदायला गेल्या. पण कोणी विचारलं तर ती सांगायची, मला लेकरं तीन. तिचे मालक हिलालभाऊ भले गृहस्थ. भावाचं नाव निघालं की मान खाली.

देवपूर ओलांडून दोघी पांझरेवर आल्या. ताईबाई पायाचा चिखल धुवायला खडकावर बसली, आणि तिथे तिला तोंड फुटलं.

"यंदा मी त्यानी मूठ टाकाव नही."

वच्छलाबाईला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा तिने आधी मागेपुढे पाहिलं, कोणी ऐकलं तर नाही. कानबाईच्या रोटांसाठी, नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, भाऊबंदकीतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू पडतो, पाळण्यातल्या पोराच्याही. थोरलीने नाव घ्यायचं आणि तिच्याच मुठीने मोजायचं. मूठ गळते ती फक्त मेलेल्याची. ज्याची मूठ नाही त्याला रोटाच्या पंगतीत पान नाही, आणि ज्याला ते पान नाही त्याच्याशी सोयरीक कोण करणार? रुपचंदची थोरली मुलगी लग्नाची होती.

"अक्का, जित्या माणसाची मूठ? पाप लागेल."

"लागू दे. बेबाबाईनं पाप कोनले लागनं?"

"आणि हिलालभाऊ?"

"मालक रडतीन. त्यास्ना रडाथून गल्लीमा पानी काही वाढाव नही."

"आणि त्याने नाली उघडली तर?"

"तं दोन मूठी टाकसू. गहू मोजाना दिवस लगून वाट दखसू. आजच निरोप धाडस, सारी भाऊबंदकीले ऐकू जाई असा." धुतलेले पाय तिने पुन्हा पाण्यात सोडले. "पन तो काही उघडाव नही. मी वाढायेल शे त्याले, माले माहीत शे."

वच्छलाबाई तिच्याशेजारी बसली. ताईबाईचा राग उतरला नव्हता, जबडा तसाच आवळलेला होता. पण मूठ मांडीवर उघडत होती, मिटत होती.

"वच्छला, गहू मोजाना दिवस तू मनाजोडे बठजो. भाऊबंदकीन्या बाया नकोत, त्यास्ना सर्वास्ना कापूस त्यानाच गोदाममा जास. हिलालनं नाव लिधं का मांगे रुपचंदनं येस, जीभले सवय पडेल शे. त्यानं नाव तोंडमा ऊनं तं तू मना तोंडवर हात ठेवजो."